डीएनएसच असणार!

जगात कुठेतरी काहीतरी मोठं बंद पडलं की तासाभरात वृत्तवाहिन्यांवर लाल पट्टी फिरायला लागते: सायबर हल्ल्याची शक्यता. त्याच वेळी सांगलीत विश्रामबागेतल्या नाहीतर वारणालीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये घरून काम करणारा पोरगा मित्रांच्या ग्रुपवर दोन शब्द टाकतो, ‘डीएनएसच असणार.’ खाली चार जण हसतात आणि परत आपापल्या कामाला लागतात. घरच्यांना हे चमत्कारिक वाटतं. जग ठप्प झालंय आणि ही पोरं दात काय काढताहेत?

कोरोनात पुण्या-बंगळूरहून परत आलेले बरेच प्रोग्रामर इथेच रमले, मीही त्यातलाच. त्यामुळे आता असल्या बातम्यांचा अर्थ विचारायला घरोघरी हक्काचा माणूस आहे. शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेत आणि सकाळी सव्वानऊपासून शेअर बाजारात असतात. ते गॅलरीतूनच विचारतात, “काय रे, अमेरिकेत काय बंद पडलं म्हणं? आमचं ॲप उघडंना झालंय.” त्यांना नीट उत्तर द्यायचं तर अर्धा तास लागतो. ग्रुपवर तेच उत्तर दोन शब्दांत झालेलं असतं.

माझं म्हणणं असं आहे की प्रोग्रामर लोकांचे हे तिरकस विनोद बातमीपेक्षा अचूक असतात. त्यांतल्या प्रत्येकात एक खरंखुरं तांत्रिक कारण भरलेलं असतं. विनोद उलगडला की बातमी आपोआप उलगडते. म्हणून गेल्या काही वर्षांतल्या गाजलेल्या पडझडी आणि त्यावरचे विनोद असे दोन्ही घेऊन बसूया.

नावाचा पत्ता हरवला की

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता असतो. आपण मात्र नाव टाइप करतो. नाव घेऊन आकडे देणारी जी जगभर पसरलेली यंत्रणा आहे, ती डीएनएस. तुम्ही ॲप उघडता तेव्हा फोन सगळ्यात आधी विचारतो, या नावाचा पत्ता काय? उत्तर आलं तर पुढचं सगळं. नाही आलं, तर पलीकडचा सर्व्हर कितीही ठणठणीत असू दे, तुमच्या लेखी तो अस्तित्वातच नाही.

विनोद का झाला, तर डीएनएसवर संशय कायम शेवटी जातो. ती वर्षानुवर्षं निमूटपणे चालते, त्यामुळे तिची आठवणच कुणाला नसते. आधी आपला कोड तपासायचा, मग डेटाबेसवाल्याशी वाद घालायचा, मग नेटवर्कवाल्याला झोपेतून उठवायचं, आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाल्यावर कळतं की नावाचा पत्ताच मिळत नव्हता. हे दोनचार वेळा भोगलेला माणूस पाचव्या वेळी बातमी वाचूनच सांगतो.

२० ऑक्टोबर २०२५ ला तो अंदाज बरोबर ठरला. त्या दिवशी नरक चतुर्दशी होती. पहाटेची अंघोळ, कारीट, फराळ उरकून लोक दुपारी आडवे झालेले. सव्वाबाराच्या सुमारास ॲमेझॉनच्या क्लाउडचा, म्हणजे एडब्ल्यूएसचा, उत्तर व्हर्जिनियातला विभाग कोसळला. तिकडे रात्रीचे पावणेतीन वाजत होते. स्नॅपचॅट, सिग्नल, फोर्टनाइट हा खेळ, बँकांची आणि दुकानांची कितीतरी ॲप्स एका दमात बंद पडली.

इथे दुसरा एक जुना विनोद लागू पडतो: क्लाउड वगैरे काही नसतं, तो दुसऱ्या कुणाचा तरी कॉम्प्युटर असतो. खरंच तेवढंच आहे. स्वतःचा सर्व्हर घ्यायचा, एसी लावायचा, वीज गेली तर जनरेटर ठेवायचा, यापेक्षा ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट नाहीतर गूगलकडून तासाच्या भाड्याने कॉम्प्युटर घेणं स्वस्त पडतं. मग सगळेच तिथे जातात. व्हर्जिनियाचा विभाग एडब्ल्यूएसचा सगळ्यात जुना. त्यामुळे तिथे गर्दी जास्त, आणि एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या काही जगभरच्या सेवांचा कारभारही तिथूनच चालतो.

आता नेमकं काय झालं ते जरा निवांत बघू, कारण ही चूक खरोखर सुंदर आहे. डायनॅमोडीबी नावाच्या तिथल्या एका डेटाबेसवर असंख्य सेवा विसंबून असतात. या डेटाबेसमागची यंत्रं सारखी वाढवली, कमी केली, बदलली जातात, त्यामुळे पत्त्यांची यादीही सतत बदलते. हे काम हाताने होणारं नाही. म्हणून एक प्रोग्राम ठरावीक वेळाने नवी यादी तयार करतो. दुसऱ्या प्रकारच्या प्रोग्रामच्या तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी चालतात आणि ती यादी डीएनएसमध्ये चढवतात. तीन कशासाठी? एक पडला तर दुसरा असावा म्हणून. सुरक्षेसाठीच.

त्या रात्री या तिघांपैकी एक फार रेंगाळला. त्याच्या हातात जुनी यादी होती. ‘माझी यादी सध्याच्या यादीपेक्षा नवी आहे ना?’ ही तपासणी त्याने सुरुवातीलाच केलेली होती, आणि त्या क्षणी ती बरोबरही होती. तो रखडला तेवढ्यात दुसऱ्याने कितीतरी नवी यादी चढवली आणि नियमाप्रमाणे खूप जुन्या याद्या पुसायला घेतल्या. नेमक्या त्याच वेळी पहिला उगवला आणि आपली शिळी यादी नव्या यादीवर चढवून बसला. साफसफाई करणाऱ्याला दिसलं, ही तर फार जुनी यादी आहे. त्याने ती पुसली. पण आता तीच यादी वापरात होती. परिणाम: डायनॅमोडीबीच्या त्या विभागातल्या नावापुढे एकही पत्ता उरला नाही. यंत्रणा अशा अवस्थेत अडकली की तिला स्वतःला सावरता येईना. शेवटी माणसांनी हाताने दुरुस्ती केली.

बघा, दोघांपैकी एकाचंही वागणं चूक म्हणता येणार नाही. एकाने तपासून काम केलं, दुसऱ्याने नियमाने सफाई केली. दोघांची वेळ जुळली, तेवढंच. प्रोग्रामर याला रेस कंडिशन म्हणतात. ती टेस्टिंगमध्ये जवळजवळ कधीच सापडत नाही, आणि सापडलीच तर ‘परत चालवून बघ’ म्हटल्यावर गायब होते. पत्ता अडीच-तीन तासांत परत आला, पण तोवर तुंबलेली कामं आणि बंद पडलेल्या यंत्रांचा गुंता सुटायला आपल्याकडची मध्यरात्र उलटून गेली.

त्या दिवशी सगळ्यात जास्त हशा कशावर पिकला असेल, तर गाद्यांवर. अमेरिकेत इंटरनेटला जोडलेल्या महागड्या गाद्या मिळतात. त्या गरम-थंड होतात, डोक्याची बाजू वर उचलतात. क्लाउड पडल्यावर काहींच्या गाद्या तापलेल्या राहिल्या, काहींच्या उचललेल्या स्थितीतच अडकल्या. कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली. झोपायला इंटरनेट कशाला लागतं, या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुणी पटेल असं दिलेलं नाही.

याच जातीचे आणखी दोन किस्से प्रोग्रामर लोक तोंडपाठ सांगतात. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एसथ्री ही साठवणुकीची सेवा पडली. एका कर्मचाऱ्याने आज्ञा टाइप करताना त्यातला एक भाग चुकवला आणि हवे त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर बंद झाले. पण कुठली सेवा चालू आहे आणि कुठली बंद हे दाखवणारं ॲमेझॉनचं पान स्वतःच एसथ्रीवर अवलंबून होतं. त्यामुळे सगळं पडलेलं असताना ते पान बदलताच येईना. दुसरा किस्सा ४ ऑक्टोबर २०२१ चा. रात्री नऊनंतर आपल्याकडचं व्हॉट्सॲप गेलं ते आठवत असेल. फेसबुकने देखभाल करताना दिलेल्या एका आज्ञेने त्यांची सगळी डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली, आणि त्यांचे डीएनएस सर्व्हर ‘आमच्याकडे यायचा रस्ता बंद’ असं जगाला सांगून गप्प बसले. दुरुस्तीला जाणाऱ्या इंजिनिअर लोकांना आत शिरायलाही वेळ लागला, कारण आतून वापरायची त्यांची बरीच साधनंही त्याच नेटवर्कवर होती. सुमारे सहा तास गेले.

आज वार कुठला?

शुक्रवारी चालू यंत्रणेवर काही नवा कोड चढवू नये हा प्रोग्रामर मंडळींचा अलिखित नियम आहे. मंगळवारी केस कापू नयेत म्हणतात त्याला कारण सापडत नाही, याला आहे. शुक्रवारी बिघडलं तर शनिवार-रविवारी दुरुस्तीला निम्मी माणसं गावाला गेलेली असतात. सांगलीतला माझा एक मित्र तर शुक्रवारी चारनंतर कुणी ‘छोटासाच बदल आहे’ म्हणालं की उठून भडंग आणायला जातो.

१९ जुलै २०२४ हा शुक्रवार होता. आपल्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी, काय संशयास्पद धरायचं याच्या नियमांची एक लहानशी फाइल जगभर धाडली. चूक लक्षात येऊन ७८ मिनिटांत ती मागेही घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर, विंडोज कोलमडल्यावर दिसतो त्या निळ्या पडद्यावर जाऊन पडले होते. जगातल्या एकूण विंडोज मशीनच्या तुलनेत हे एक टक्काही नाही. पण असली महागडी सुरक्षा घेणारे म्हणजे विमान कंपन्या, रुग्णालयं, बँका. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील.

व्हायरसपासून वाचवणाऱ्या सॉफ्टवेअरला इतका अधिकार कसा? तर व्हायरस पकडायचा म्हणजे सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या खाली बसावं लागतं. विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ते बसतं. साध्या प्रोग्रामने चूक केली तर विंडोज त्याला एकट्याला बंद करते. गाभ्यातल्याने चूक केली तर पुढे आणखी नासधूस नको म्हणून अख्खं मशीनच थांबवते. आणि हा प्रोग्राम मशीन चालू होतानाच जागा होत असल्यामुळे परत चालू केलं की परत निळा पडदा.

चूक काय होती? नियमांच्या फाइलचा जो साचा होता त्यात २१ रकाने धरलेले होते. ते वाचणाऱ्या कोडला प्रत्यक्षात २०च पुरवले जात होते. आधीच्या सगळ्या चाचण्यांत आणि आधीच्या फाइलींत २१ व्या रकान्याला ‘इथे काहीही चालेल’ असं लिहिलेलं, त्यामुळे तो उघडून बघायची वेळच आली नव्हती. त्या शुक्रवारी पहिल्यांदाच एका नियमाने २१ व्या रकान्यात खरोखर काहीतरी शोधायला सांगितलं. कोड तिकडे वळला, तिथे त्याची जागाच नव्हती, आणि गाभ्यात बसून नको त्या जागेत डोकावलं म्हणून विंडोजने मशीन बंद केलं.

दुरुस्ती ऐकायला सोपी: सेफ मोडमध्ये जा, ती एक फाइल पुसा, परत चालू करा. पण मशीन चालूच होत नसल्यामुळे हे दुरून करता येईना. माणसाने एकेका कॉम्प्युटरपुढे जाऊन उभं राहायचं. त्यात कंपनीच्या मशीनवर डिस्क कुलूपबंद केलेली असेल, तर आधी ४८ आकडी किल्ली टाइप करायची.  ‘क्लाउड युगात’ हजारो माणसं यूएसबी खिशात घालून मजल्यामजल्यावर फिरत होती, यावर जे विनोद झाले ते इथे छापण्यासारखे नाहीत.

बातम्यांत याला ‘मायक्रोसॉफ्ट बंद’ म्हटलं गेलं. प्रोग्रामर लोकांनी वेगळाच प्रश्न विचारला: एकाच वेळी सगळ्यांना का पाठवली? आधी हजार मशीनना पाठवायची, तासभर वाट बघायची, मग पुढच्यांना, हे या धंद्यातलं बालवाडीतलं शिक्षण. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांसाठी ती पद्धत होतीही. या नियमांच्या फाइलींना मात्र ती लागू नव्हती, कारण त्या ‘नुसता डेटा’ धरल्या जात. त्यानंतर कंपनीने त्याही टप्प्याटप्प्याने सोडायला सुरुवात केली.

‘नुसता डेटा आहे, काही होत नाही’ हे वाक्य पुन्हा भेटलं १८ नोव्हेंबर २०२५ ला, क्लाउडफ्लेअर पडलं तेव्हा. क्लाउडफ्लेअर ही कंपनी वेबसाइट आणि वाचणारा यांच्या मधोमध उभी असते. हल्ले अडवते, पानं लवकर पोचवते. एका डेटाबेसच्या परवानग्या बदलल्यामुळे तिथल्या एका फाइलमध्ये त्याच ओळी पुन्हापुन्हा यायला लागल्या आणि फाइल फुगली. ती वाचणाऱ्या प्रोग्रामची मर्यादा २०० नोंदींची. एरवी नोंदी साठाच्या आसपास असायच्या, म्हणजे मर्यादा ऐसपैसच ठेवलेली. ती ओलांडल्यावर काय करायचं हे ठरवलेलं नव्हतं, म्हणून प्रोग्राम कोलमडला. चॅटजीपीटी, एक्स वगैरे दिसेनासे झाले. गंमत म्हणजे कुठली सेवा पडली हे सांगणारी डाउनडिटेक्टरची साइटही पडली, कारण तीही क्लाउडफ्लेअरच्या मागेच. फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने तयार होई, कधी चांगली, कधी खराब. त्यामुळे सेवा सुरू-बंद व्हायला लागली आणि खुद्द क्लाउडफ्लेअरच्या लोकांनाही आधी वाटलं की हल्ला झालाय.

तीन आठवड्यांच्या आत, ५ डिसेंबरला, तीच कंपनी पुन्हा पंचवीसेक मिनिटं पडली. दुपारचे सव्वादोन, भारतातला बाजार चालू. काकांचं शेअरचं ॲप नेमकं तेव्हा गेलं आणि गॅलरीतून आवाज आला. यावेळचं कारण असं, की एका नव्या गंभीर सुरक्षा दोषापासून ग्राहकांना वाचवण्यासाठी घाईने केलेला बदल. वार विचारू नका. शुक्रवार.

पाऊस कोयनेत, पाणी मारुती चौकात

इथवर कंपन्यांच्या चुका झाल्या. प्रोग्रामर लोकांचं खरं कडवट हसू मात्र निघतं ते फुकट सॉफ्टवेअरबद्दल बोलताना.

आज कुणीही अख्खं ॲप स्वतः लिहीत नाही. तारीख दाखवायला कुणाचा तरी तयार कोड, फोटो लहान करायला दुसऱ्याचा. त्या दुसऱ्याने तिसऱ्याचा वापरलेला. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये असे शेकडो तुकडे असतात आणि त्यांतले बरेचसे कुणीतरी हौसेने लिहून फुकट ठेवलेले असतात. सांगलीकराला ही भानगड वेगळी समजवायला नको. इथे टिपूस नसतो, ऊन पडलेलं असतं, पण कोयनेच्या पाणलोटात चार दिवस कोसळला आणि धरणातून विसर्ग सुटला की मारुती चौकातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवायला लागतात. फरक इतकाच, की आयर्विन पुलाजवळ पाणी फुटांत मोजायची सोय आहे. ४० ला इशारा, ४५ ला धोका, लोक त्या आकड्यांवर ठरवतात काय करायचं ते. सॉफ्टवेअरच्या वरच्या अंगाला पाणी किती चढलंय हे मोजणारं बहुतेक वेळा कुणी नसतं.

मार्च २०१६ मधली गोष्ट. लेफ्टपॅड नावाचा अकरा ओळींचा तुकडा होता. काम काय, तर ७ आकड्याच्या डावीकडे शून्यं लावून ००७ करायचं, किंवा मोकळी जागा सोडायची. त्याच्या लेखकाचं एका कंपनीशी दुसऱ्याच एका प्रोग्रामच्या नावावरून वाजलं. असे फुकट तुकडे ज्या ऑनलाइन भांडारात ठेवतात, त्या भांडारवाल्यांनी कंपनीची बाजू घेतली, हा चिडला आणि त्याने आपलं सगळं साहित्य तिथून काढून घेतलं. त्याचा हक्कच होता. लेफ्टपॅडही गेलं, आणि जगभरातले हजारो प्रकल्प जुळेनासे झाले, कारण मोठमोठ्या साधनांच्या पोटात कुठेतरी खोल ते बसलेलं होतं. भांडाराने त्याच दिवशी ते परत आणून ठेवलं. अकरा ओळी स्वतः लिहायला काय झालं होतं, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी परत तयार तुकडेच वापरले. मीसुद्धा. वेळ कुणाला आहे?

डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरजे प्रकरण याहून भयंकर. जावा प्रोग्राममध्ये काय काय घडलं याच्या नोंदी लिहून ठेवणारा हा तुकडा. त्यात अशी सोय होती की नोंदीत ठरावीक प्रकारचा मजकूर आला तर तो बाहेरच्या सर्व्हरकडे जाऊन माहिती आणे, आणि त्या वाटेने परक्याचा कोडही चालवता येई. म्हणजे एखाद्याने लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी तो मजकूर टाइप केला आणि तुमच्या प्रोग्रामने ‘या नावाने लॉगिनचा प्रयत्न झाला’ अशी निमूट नोंद केली, की खेळ खलास. माइनक्राफ्ट खेळात तर चॅटमध्ये ओळ टाकणं पुरत होतं. धोक्याच्या मोजपट्टीवर याला दहापैकी दहा मिळाले. जगभरच्या कंपन्यांचे लोक सुट्ट्या रद्द करून बसले. हा तुकडा सांभाळणारे होते मूठभर स्वयंसेवक, आपापल्या नोकऱ्या करून उरलेल्या वेळात.

आणि मग एक्सझेड. हे ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो. फाइली दाबून लहान करणारं हे साधन लिनक्सच्या, म्हणजे बहुतेक सर्व्हरवर विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टीमच्या, जवळजवळ प्रत्येक मशीनवर असतं. ते सांभाळत होता फिनलंडचा एक माणूस, एकटा, थकलेला. त्याने तसं लिहूनही ठेवलं होतं. जिया टॅन या नावाने कुणीतरी मदतीला आला. दोन वर्षांहून जास्त काळ नीट, सौजन्याने, उपयोगी काम केलं. दुसरीकडून काही अनोळखी खाती ‘काम फार हळू चाललंय, दुसऱ्याच्या हाती द्या’ असा तगादा लावत राहिली. हळूहळू जिया टॅनच्या हाती किल्ल्या आल्या. २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये त्याने चोरदरवाजा बसवला. दुरून सर्व्हरमध्ये शिरण्यासाठी जगभर वापरली जाणारी एसएसएच ही वाट त्याने उघडणार होती.

पकडलं कुणी? कुठल्या सुरक्षा कंपनीने नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारा आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर प्रयोग करत होता. त्याला दिसलं की एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसरा कुणी असता तर नेट स्लो असेल म्हणून चहाला गेला असता. हा खोदत बसला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जगापुढे मांडलं. त्या आवृत्त्या मुख्य लिनक्स वितरणांच्या पक्क्या आवृत्त्यांपर्यंत पोचायच्या आत मागे घेतल्या गेल्या. तो दिवस गुड फ्रायडे. म्हणजे परत शुक्रवार, आता काय बोलणार? जिया टॅन खरोखर कोण हे आजवर उघड झालेलं नाही.

तेव्हापासून ‘अर्धा सेकंद उशीर होतोय’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याला कुणी किरकिऱ्या म्हणत नाही. निदान तोंडावर तरी नाही.

एआयच्या बातम्या

हल्ली काकांचे प्रश्न बदललेत. “आता मशीनच कोड लिहितंय म्हणं. मग तू काय करणार?”

फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रे कार्पथी यांनी ‘वाइब कोडिंग’ हा शब्द वापरला: एआयला सांगायचं, तो लिहील ते चालवायचं, कोडकडे बघायचंच नाही. शब्द पसरला. जुलैमध्ये बातमी आली की रेप्लिट या कंपनीच्या एआयने एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. तेही ‘आता काही बदलायचं नाही’ असं बजावून ठेवलेलं असताना. वर त्याने सांगितलं की मागे जाता येणार नाही, आणि तेही खोटं निघालं, डेटा परत मिळाला. यावर ग्रुपवर प्रतिक्रिया आली ती अशी: चला, पहिल्याच वर्षात ज्युनिअरच्या सगळ्या चुका करून झाल्या, आता बढती द्यायला हरकत नाही.

हसण्यामागचा मुद्दा सांगतो. कोड लिहिणं हा आमच्या कामातला लहान भाग. आधी काय आहे ते वाचणं, काय मोडेल याचा अंदाज घेणं, मोडल्यावर शोधणं यातच दिवस जातो. वरच्या गोष्टी आठवा: २१ वा रकाना, शिळी यादी. यांत कुणालाच लिहिता येत नव्हतं असं नव्हतं. दोन बरोबर गोष्टी एकत्र आल्यावर काय होईल, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मीटर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामर लोकांवर एक प्रयोग केला. आपल्याच ओळखीच्या प्रकल्पांत त्यांनी एआय वापरून काम केलं तेव्हा १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावर त्यांना विचारलं, तर ते म्हणाले आम्ही २० टक्के लवकर केलं. प्रयोग लहान आहे, आणि साधनं तेव्हापासून पुढे गेलीत. मी स्वतः रोज एआय वापरतो आणि कंटाळवाणी कामं तो खरंच झटक्यात करतो. पण वाटणं आणि असणं यांतलं ते अंतर मात्र मला फार ओळखीचं वाटलं.

नोकरकपातीच्या बातम्यांवर मात्र विनोद जमत नाहीत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा आमचा ग्रुप दिवसभर गप्प होता. कपातीचं कारण एआय, मंदी की आधी केलेली बेसुमार भरती, यावर वाद घालणं ज्यांची नोकरी शाबूत आहे त्यांनाच परवडतं. इथल्या कितीतरी घरांत मुलाच्या पगारावर पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता चाललेला आहे.

इथल्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेला भाचा त्याच्या दोन मित्रांना घेऊन आला होता. तिघांच्याही तोंडी एकच प्रश्न, शिकायचं काय? मी त्यांना या पडझडींनंतर कंपन्या स्वतः छापतात ते अहवाल वाचायला सांगितले. क्लाउडफ्लेअरने तर आपली कोलमडलेली ओळ जशीच्या तशी छापली आहे. एडब्ल्यूएसने लिहिलंय की ते यादीचं ऑटोमेशन आम्ही जगभर तात्पुरतं बंद केलंय. हे असं वाचून जेवढं समजतं तेवढं दहा कोर्स करून समजत नाही. मग सांगितलं की कोड एआयने लिहिला तरी रात्री तीनला तो बंद पडल्यावर कंपनी फोन माणसालाच करते.

त्यांच्यातला एक जण जरा विचार करून म्हणाला, “म्हणजे मामा, फोन उचलायची नोकरी तरी राहील म्हणा की.”

राहील, म्हणालो. पगाराचं विचारू नकोस.